अक्का, लिहून देते

अक्का, काल तुमच्या शोकसभेसाठी कॉलेजचं फीचं काउंटर बंद ठेवलं होतं. काचेवर कानडीत लाल शाईने कागद चिकटवला होता: अक्कांच्या शोकसभेनिमित्त आज व्यवहार बंद. आणि काल प्रवेशाची शेवटची तारीख होती. तुम्ही असतात तर तो कागद टरकन ओढून काउंटरवरच्या पाटीलण्णांच्या चहाच्या कपात बुडवला असतात. मी नुसती बघत उभी राहिले. संताप असा आला की रडायचंसुद्धा विसरले.

तुम्हाला जाऊन आज अकरा दिवस झाले. या अकरा दिवसांत लोकांनी तुमचं काय काय करून सोडलंय म्हणून सांगू! माउली केलं, ममतेची मूर्ती केलं. काल तर स्टेजमागच्या फलकावर 'गरीब मुलींची दात्री' असं छापून आणलं होतं. दात्री! आयुष्यात एका पोरीच्या हातावर तुम्ही फीचा एक रुपया ठेवला नाहीत, आणि ते छातीला हात लावून सांगायचात. तीस वर्षं त्या काचेच्या आत कारकून म्हणून बसलात, निवृत्त झाल्यावर काचेच्या बाहेर बाकावर बसलात, आणि फी न भरता कॉलेजात शिकायचा हक्क कसा मागायचा हे पोरींना शिकवलंत. यात दान कुठून आलं? पण फलक छापणाऱ्याला हक्क म्हटलं की घसा कोरडा पडतो, दान म्हटलं की शाल हातात येते.

त्या बाकाचंच बघा की. ऑफिससमोरच्या कडुनिंबाखालचा तुमचा बाक. दोन वर्षांपूर्वी तो उचलून मागच्या खोलीत टाकला, का तर म्हणे बाहेरच्या व्यक्तींनी आवारात बसू नये. बाहेरच्या व्यक्ती म्हणजे तुम्ही. दुसऱ्या दिवशी तुम्ही रायापूरहून बसमध्ये घडीची खुर्ची घालून आलात. कंडक्टरने खुर्चीचं वेगळं तिकीट मागितलं तर त्यालाही म्हणालात, नियम कुठला ते लिहून दे. काल प्राचार्यांनी जाहीर केलं, की त्याच कडुनिंबाखाली अक्कांच्या नावाचा सिमेंटचा बाक बसवू. टाळ्या वाजल्या, अक्का. शोकसभेत टाळ्या! जनाची नाही तर मनाची तरी लाज असावी माणसाला.

माझी-तुमची गाठ पडली तीसुद्धा त्याच काचेपाशी. अप्पा तारिहाळच्या कारखान्यात लेथवर होते आणि त्या वर्षी कारखान्याला टाळं लागलं होतं. पीयूसीला, म्हणजे बारावीला, गणितात मी वर्गात पहिली आले होते, आणि घरात सगळ्यांनी त्या मार्कांकडे बघून फक्त उसासे टाकले होते. आई मला घेऊन काउंटरला आली. तुम्ही चष्म्यावरून बघितलंत. "फी आणलीस?" मी म्हटलं, नाही. "मग काय आणलंस?" शेजारी आईने हात जोडले. तुम्ही केवढ्याने ओरडलात! "हात खाली करा, बाई. इथं देव बसलेला नाही, कारकून बसलीय." आई घाबरून मागे सरकली. मी मनात म्हटलं, काय कजाग बाई आहे. मग तुम्ही काचेच्या फटीतून चिठ्ठी सरकवलीत. रायापूरचा पत्ता, आणि खाली रविवार सकाळ.

रविवारी तुमच्या पुढच्या पडवीत आमच्यासारख्या सात-आठजणी बसलेल्या. परातीत चुरमुऱ्यांचं गिरमिट कालवलेलं, बाजूला मिरच्या तळलेल्या. खा, आणि लिहा. अर्ज प्रत्येकीने स्वतःच्या हाताने तीनदा लिहायचा, कानडीत, काय मागतोय आणि कुठल्या नियमाने मागतोय ते. नाडकचेरीतून, म्हणजे महसुलाच्या ऑफिसातून, उत्पन्नाचा दाखला आणायलाही स्वतःच जायचं, बापाला पाठवायचं नाही. कोणी चूक केली की तुम्ही कानडीत रागवायचात, आणि फारच रागावलात की मराठीत. मला पहिल्याच दिवशी मराठीत बोलणी बसली, कारण मी अर्जाच्या शेवटी 'कृपा करावी' असं लिहिलं होतं. तुम्ही ते दोन शब्द इतके खोडलेत की कागद फाटला. "कृपा कसली? सरकारने तुझी शिकवणीची फी आधीच माफ केलीय. ती मागणारा चुकतोय, तू नाही."

दोनच गोष्टी तुम्ही आम्हाला घोकायला लावल्यात. अर्ज दिला की त्याची पोच घ्यायची, शिक्क्यानिशी, पोच घेतल्याशिवाय काउंटर सोडायचं नाही. आणि कोणी नाही म्हटलं तर हिंबरह मागायचा. अर्ज का नाकारला ते सही करून लेखी द्यायचं, याला इथल्या ऑफिसांत हिंबरह म्हणतात. भांडायचं नाही, रडायचं नाही, एवढंच म्हणायचं: बरदु कोडरी. लिहून द्या. "नाही म्हणायला तोंड लागतं, ते सगळ्यांनाच आहे," तुम्ही म्हणायचात. "नाही लिहायला छाती लागते. ती या ऑफिसात कुणाला नाही, मलाही नव्हती."

आमच्या लहानपणी अळणावरकडच्या गावांत दारांवर खडूने 'नाळे बा' लिहिलेलं असायचं. उद्या ये. भूत म्हणे दाराशी यायचं, ते वाचायचं आणि निमूट परत जायचं. दुसऱ्या दिवशी पुन्हा यायचं, पुन्हा तेच वाचायचं. मी ते पडवीत सांगितलं तेव्हा तुम्ही हसून हसून खोकायला लागलात. नंतर वर्षानुवर्षं पोरींना सांगत होतात. "काउंटरवरचा नाळे बा म्हणतो तेव्हा तो तुम्हाला ते भूत समजतो. भूत येडं, रोज परत जातं. तुम्ही विचारायचं, कुठला उद्या? तारीख घाला, सही करा."

तुम्ही हे सगळं का करत होतात, ते मला एकदाच सांगितलंत, कांदा चिरता चिरता, म्हणजे डोळ्यांतलं पाणी कांद्यावर ढकलता यावं म्हणून. नोकरीच्या सुरवातीच्या वर्षांत एक मुलगी फीमाफीचा अर्ज घेऊन आली होती. तुम्हाला त्या दिवशी जुनं रजिस्टर काढायचा कंटाळा आला, तुम्ही म्हणालात नाळे बा. दुसऱ्या दिवशीही, तिसऱ्या दिवशीही. चौथ्या दिवशी ती आली नाही. चार वर्षांनी तिची धाकटी बहीण फी घेऊन आली. फॉर्मवरचं अक्षर बघून तुमचा हात थांबला. मोत्यासारखं, 'क'ला लांब शेपूट असलेलं, तेच अक्षर. बहिणीचा फॉर्म थोरलीने भरून पाठवला होता. "एवढं सुंदर अक्षर, मंगल, आणि मी ते घरी पाठवलं," एवढं म्हणून तुम्ही कांदा परातीत टाकलात. मी पुढचा कांदा सोलायला घेतला. तेव्हा तुमच्या हातावर हात ठेवायला हवा होता, हे मला आत्ता सुचतंय.

आता आपलं भांडण. ते अर्धं टाकून तुम्ही गेलात, याचा मला तुमच्यावर राग आहे, आणि मेलेल्या माणसावर रागावू नये वगैरे मी मानत नाही.

मागच्या वर्षी लक्ष्मीचा प्रवेश होता. अळणावरपलीकडच्या गावची, आई लोकांच्या शेतात कामाला. पाटीलण्णा, तुमच्या हाताखाली शिकून तुमच्याच खुर्चीत बसलेले, म्हणाले आधी सगळी फी भरा, सरकारचे पैसे आले की परत देऊ. तुम्ही लक्ष्मीला हिंबरह मागायला लावलंत. चार दिवस पाटीलण्णा कधी चहाला, कधी साहेबांकडे, कधी सर्व्हर डाऊन. पाचवा दिवस शेवटचा. मी हुबळीला कॉलेजात गणित शिकवते, देशपांडे नगरात दोन खोल्यांचं का होईना माझं घर आहे, दर महिन्याला पगार होतो. मला ते बघवेना. मी फोन काढला, लक्ष्मीची फी भरली, आणि मोठ्या उत्साहाने पावती तुम्हाला दाखवायला आले.

"तू भरलीस?"

"भरली. तिचं वर्ष वाचलं, अक्का."

"चार दिवस मी त्या माणसाला भिंतीपर्यंत रेटत आणला होता. संध्याकाळपर्यंत त्याला एकतर लिहावं लागलं असतं, नाहीतर प्रवेश द्यावा लागला असता. तू येऊन त्याला खिडकी उघडून दिलीस."

"आणि त्याने दोन्हीतलं काहीच केलं नसतं तर? लक्ष्मीचं वर्ष तुम्ही कुठून आणून दिलं असतंत?"

तुम्ही चष्मा काढून पदराने पुसायला लागलात. मला वाटलं मी जिंकले. मग तुम्ही मराठीत म्हणालात, अगदी हळू, "तू एकीची भरलीस. तिच्या मागून येणाऱ्यांची कोण भरणार?" मी चप्पल घातली आणि निघाले. जाताना म्हणाले, तुम्हाला पोरींपेक्षा तुमचे कागद प्यारे आहेत. हे मी तुम्हाला म्हणाले, अक्का. तुम्हाला.

दसऱ्याला मी बन्नीची, म्हणजे शमीची, पानं घेऊन आले. आपल्याकडे बन्नी हातात ठेवून बंगारासारखं, सोन्यासारखं राहू म्हटलं की वर्षाचं भांडण मिटतं, असा रिवाज. तुम्ही पानं घेतलीत, डोळ्यांना लावलीत, देवापुढे ठेवलीत आणि म्हणालात, "बन्नी घेतली. तुझं म्हणणं नाही घेतलं." रिवाजालासुद्धा अट घालणारी बाई मी दुसरी पाहिली नाही. मी चहा न पिता आले.

मग तुमचा आजार. हॉस्पिटलमध्ये मी रोज येत होते आणि तुम्ही रोज भिंतीकडे बघत होतात. शेवटच्या आधल्या दिवशी उशीखालून या वर्षी प्रवेश घ्यायच्या रेणुकाची फाइल काढून माझ्या हातात दिलीत. "हिची भरू नकोस." बस. आलीस बरं केलंस नाही, मंगल जेवलीस का नाही, काही नाही. वीस वर्षांच्या ओळखीचा शेवट तीन शब्दांत, आणि तेही हुकूम सोडल्यासारखे. मी बाहेर येऊन जिन्यात बसले आणि तुम्हाला मनातल्या मनात वाट्टेल ते बोलले. दुसऱ्या दिवशी तुम्ही नव्हतात.

रेणुका लक्ष्मीच्याच गावची. दहन झालं त्याच्या दुसऱ्या दिवशी ती माझ्या दारात आली, डोळे सुजलेले, पण अर्ज तीनदा लिहून तयार. मी तुमच्याच पद्धतीने दहा पावलं मागे उभी राहिले, ती एकटी काउंटरला गेली. पोच मिळाली. हिंबरह काही मिळेना. नाळे बा, नाळे बा. आणि तिसऱ्या दिवशी पाटीलण्णा तिला काय म्हणाले ठाऊक आहे? "तुमच्याच गावच्या लक्ष्मीने मागच्या वर्षी सगळी फी आणून भरली की नाही? ज्याला शिकायचं असतं तो आणतो." रेणुकाने हे मला भोळेपणाने सांगितलं, लक्ष्मीची फी कुणी भरली हे तिला माहीतच नव्हतं. माझी पावती, मी एवढ्या मायेने भरलेली पावती, आता त्या काउंटरचा नियम झाली होती. या वर्षी किती पोरी ती गोष्ट ऐकून घरी गेल्या, कोण जाणे. मी तुम्हाला फोन करायला फोन हातात घेतला. सवय.

आणि काल तो लाल शाईचा कागद.

हॉलच्या दारात पाटीलण्णांनी मला बाजूला घेतलं. डोळे लाल, खरोखर रडलेले, त्यात खोट नव्हती. म्हणाले, "मॅडम, गेल्या वर्षीसारखं करून टाका की. फोनवर भरा, मी आत जाऊन पावती काढतो. दोन मिनिटांचं काम." म्हणजे बघा! अर्जाला काउंटर बंद, पैशाला उघडं. तुमच्या फोटोला हार घालून, तुमच्या नावाने! मला वाटलं तिथल्या तिथे त्यांच्या कानाखाली काढावी. पण खरं सांगू? माझा हात फोनकडे गेला होता. पाचला सगळं संपणार होतं. मुलगी हुशार आहे, आईच्या हातावर फोड आहेत, आणि माझ्या खात्यात पैसे आहेत. मी रेणुकाकडे बघितलं आणि विचारलं, भरू का?

"अक्का नको म्हणाल्यात," ती म्हणाली.

"अक्का आता नाहीत, बाळा. आणि तारीख आज संपतेय."

"वर्ष गेलं तर माझं जाईल की, मॅडम. मी विचारते." एवढीशी पोरगी, आणि मला समजावत होती. मी फोन पर्समध्ये टाकला.

सभा सुरू झाली. दोन मिनिटं शांतता, मग अर्धा तास भाषणं. पाटीलण्णा म्हणाले, अक्का माझ्या गुरू, त्यांनी मला काउंटर शिकवलं. मग प्राचार्यांनी माझं नाव पुकारलं: अक्कांच्या एक लाभार्थी दोन शब्द बोलतील. लाभार्थी! मी उठले आणि म्हणाले, मला बोलायचं नाही, रेणुकाला बोलायचं आहे.

ती गेली. अर्ज तुमच्या फोटोपुढच्या टेबलावर ठेवला, फुलं थोडी बाजूला सारून. पाटीलण्णांकडे वळून म्हणाली, "बरदु कोडरी."

प्राचार्यांनी विचारलं हे काय. पाटीलण्णा पुटपुटले, उद्या बघू म्हणून सांगितलंय सर, आज शोकसभा. रेणुका म्हणाली, "उद्या तारीख नाही, सर. नाही म्हणायचं असेल तर आजच म्हणा. पण लिहून." आणि मागच्या रांगेतून लक्ष्मी उभी राहिली. तिला मी बोलावलं नव्हतं, शपथ. "आणि गेल्या वर्षी माझी फी कुठल्या नियमाने घेतली, तेही लिहून द्या." प्राचार्यांनी चष्मा घातला, अर्ज दोनदा वाचला, खिशातलं पेन काढलं, ते अर्जावर टेकवलं आणि तसंच धरून बसले. बराच वेळ. मग पेन खिशात गेलं. तुमचं खरं होतं, ती छाती तिथे कुणालाच नव्हती. "पाटील, काउंटर उघडा," ते म्हणाले.

पाच वाजायच्या आत रेणुकाच्या हातात पावती होती. परीक्षा आणि ओळखपत्राचे पैसे तिने घरून आणलेच होते. शिकवणी फीच्या रकान्यात आडवी रेघ. तिने ती पावती दोन्ही हातांनी धरून तुमच्या फोटोला दाखवली, मूर्खासारखी, आणि मग मात्र मला जे आवरेना ते आवरेना.

पण म्हणून मी खूश आहे असं समजू नका. ज्या पोरीचा हक्क पहिल्याच दिवशी काउंटरवर मिळायला हवा होता, तो मिळायला तुम्हाला मरावं लागलं, हॉल भरावा लागला. पुढच्या पोरीसाठी आता काय, रोज एक शोकसभा भरवायची? घडीची खुर्ची मी तुमच्या घरून आणली आहे. सोमवारपासून माझ्या सुट्टीच्या दिवसांत मी त्या कडुनिंबाखाली बसणार. त्यांचा सिमेंटचा बाक येईल तेव्हा येईल, त्यावर बसायला आधी परवानगी लागेल की काय कुणास ठाऊक.

आता राहिलं ते. वर्षभर माझ्या तोंडून जे निघालं नाही, ते तुमच्याच पद्धतीने देते. मी, मंगल, लिहून देते की मागच्या वर्षीच्या भांडणात तुमचं बरोबर होतं आणि माझं चुकलं. कागद प्यारे असं तुम्हाला म्हणाले, ते शब्द मागे घेते. लक्ष्मीचं वर्ष वाचलं याचा मात्र मला पश्चात्ताप नाही, तेही लिहून देते. त्यावर भांडायचं असेल तर भांडा. खाली सही केली आहे, तारीख घातली आहे, कृपा करावी असं कुठेही लिहिलेलं नाही.

पोच घेतल्याशिवाय काउंटर सोडायचं नाही म्हणालात ना, अक्का? मग सांगा, या कागदाची पोच मी कुणाकडे मागू?